थॉर्नबरो मळ्याचा फलक परत घेऊन जाण्याबाबत

प्रति,
मा. ऐतिहासिक फलक अधिकारी,
ऐतिहासिक फलक कक्ष, सेंट जूड जिल्हा,
पोर्ट एलरी, दक्षिण कॅरोलायना.

अर्जदार : श्रीमती व्हर्मेल सिंगल्टन, वय ६८, निवृत्त शाळा-बसचालक, राहणार घर क्र. ४११, हॅगर खाडी रस्ता.

विषय : आपल्या कक्षाच्या मालकीचा लोखंडी फलक क्र. ८-२७ ("थॉर्नबरो मळा") माझ्या ओसरीवरून उचलून नेण्याबाबत, व त्यानिमित्त मागविलेल्या खुलाशाबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ८ ऑक्टोबर २०१९.
२) माझे अर्ज दि. २० मार्च, १७ जून, २ ऑगस्ट व २३ ऑगस्ट.
३) त्या अर्जांवर आपल्याकडून आलेले कागद, ज्यांना आपण उत्तरे म्हणता.

महोदय,

१. आपली नोटीस शेरीफ कार्यालयाचे डेप्युटी कर्टिस ब्लेक यांनी गेल्या मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता माझ्या हाती दिली. श्री. ब्लेक सहा वर्षे माझ्या बसने शाळेत जात होते, त्यामुळे त्यांनी टोपी काढून, पायरीवरच उभे राहून ती दिली. "मिस व्हर्मेल, एवढी सही करा. नाहीतर मला परत यावं लागेल, आणि मला खरंच परत यायचं नाहीये," असे ते म्हणाले. मी सही केली. सदर फलक कोणी काढला, कोणाच्या परवानगीने काढला, तो सध्या कोठे व कोणत्या अवस्थेत आहे, आणि माझ्यावर सरकारी मालमत्ता पळविल्याचा गुन्हा का दाखल करू नये, अशी आपली विचारणा आहे. खुलाशास दहा दिवसांची मुदत दिली आहे. माझ्या मार्चमधील अर्जाला उत्तर देण्यास आपल्या कक्षाला त्रेसष्ट दिवस लागले होते. मी सहाव्या दिवशी उत्तर देत आहे. जमते, हे आपल्या लक्षात यावे.

२. फलक का निघाला हे समजण्यासाठी तो कुठे लागला होता हे आधी समजले पाहिजे. आपल्या दप्तरात ते चुकीचे लिहिलेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अनावरण शनिवार दि. ९ मार्च रोजी झाले. आम्हांस निमंत्रण नव्हते. माझे काका हेझेकाया सिंगल्टन, वय ९१, यांना दर शनिवारी मी त्यांच्या पत्नीच्या थडग्यावर घेऊन जात असे. आंट लुवेनिया १९९४ साली वारल्या, आणि हॅगर खाडीच्या रस्त्यालगत ओकच्या झाडांखाली, जिथे आमची सगळीच माणसे पुरली जातात तिथे त्यांना पुरले. त्या शनिवारी तिथे गाड्या लागल्या होत्या. गवत कापलेले, घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि निळ्या कापडाखाली काहीतरी उभे. आपण जातीने हजर होता. कापड ओढल्यावर आपण मजकूर मोठ्याने वाचलात. आपला आवाज खणखणीत आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मजकूर असा होता :

"थॉर्नबरो मळा, स्थापना १७३१. कॅप्टन जोसाया थॉर्नबरो यांनी येथील ओसाड खाजणास बांध घालून सात मैलांची भातशेती उभारली. त्यांच्या धैर्याने व अथक परिश्रमांनी हा परगणा समृद्ध झाला. त्यांचा लाडका घोडा सॉव्हरिन याचे दफन नदीकाठी करण्यात आले आहे."

३. वाचून झाल्यावर काकांनी हात वर केला, हे आपल्याला आठवत असेल. आपण त्यांना "बोला, आजोबा" म्हणालात. माझे काका कोणाचे आजोबा नव्हते, त्यांना मूलबाळ नव्हते, पण ते असो. काकांनी तरुणपणी सात वर्षे याच बांधांवर चिखल टाकला आहे. त्या वेळी जमीन उत्तरेकडच्या एका श्रीमंताने बदकांच्या शिकारीसाठी घेतली होती, आणि भरतीचे पाणी फुटू नये म्हणून जुने बांध लिंपावे लागत. बांधातून पाणी सोडायच्या उघाडीची फळी वर केव्हा करायची नि खाली केव्हा, हे काका डोळे मिटून सांगत. त्यांनी आपल्याला विचारले :

"साहेब, ओल्या चिखलाचा बांध एका गड्याला दिवसाला दहा हात होतो. मी केलाय. कंबर मोडते आणि पायाला जळवा लागतात. हे कॅप्टन दिवसाला किती हात करायचे?"

आपण म्हणालात, "फलकाचा मजकूर समितीने मंजूर केलेला आहे."

"मी मजकुराचं विचारत नाही, बांधाचं विचारतोय."

आपण सर्वांना सरबत घेण्याची विनंती केलीत. सरबताचे टेबल झाडाखाली मांडले होते. काका हळूहळू चालत तिथपर्यंत गेले आणि पेले भरणाऱ्या बाईंना म्हणाले, "बाई, टेबल जरा पलीकडं घेता का? माझी बायको खाली आहे."

त्या बाई हसल्या. म्हातारा गंमत करतो आहे असे त्यांना वाटले असावे. त्यांनी काकांच्या हातात एक पेला दिला. काकांनी तो घेतला, कारण कोणी दिलेले नाकारायचे नाही अशी त्यांना सवय होती, आणि ते पेला हातात धरून तसेच उभे राहिले. प्यायले नाहीत. मी एकतीस वर्षे बस चालवली, त्यात मी कोणाही मुलावर हात उचललेला नाही. त्या दिवशी टेबलाचा पाय मात्र मी उचलला आणि सबंध टेबल, सरबतासकट, आठ पावले पलीकडे नेऊन ठेवले. आपल्या अहवालात "एका स्थानिक महिलेने गैरवर्तन केले" असे आहे. ती महिला मी.

४. टेबल हलवल्यावर दिसले की खाली काहीही उरले नव्हते. आंट लुवेनियाच्या थडग्यावर त्यांचा शेवटचा कप होता, तळाला टवका काढलेला. निळी किटली होती, त्या गेल्या त्या वेळेवर, चार वाजून दहा मिनिटांवर, थांबवलेले गजराचे घड्याळ होते, आणि कडेने अकरा शंख लावलेले होते. आजूबाजूच्या थडग्यांवरही असेच ज्याचे-त्याचे होते. आम्ही दगड उभे करत नाही. या वस्तू का ठेवतात ते मी मार्चच्या अर्जात दीड पानभर लिहिले आहे, पुन्हा लिहीत नाही. एवढेच सांगते की त्या उचलायच्या नसतात. आमच्यातली वाह्यात पोरेसुद्धा उचलत नाहीत.

सोमवारी फलक उभारणाऱ्या टोळीचे फोरमन श्री. ड्वाइट लोव्हेट मला पुढच्या वळणावर काम करताना सापडले. मी गाडी थांबवून विचारले. ते म्हणाले, "बाई, मला कागदावर 'जागेवरील कचरा हटवणे' असं लिहून आलं होतं. कप, किटली, बरण्या. मला वाटलं कुणी सहलीला आले आणि टाकून गेले."

"आणि घड्याळं? सहलीला कोण सात घड्याळं घेऊन येतं?"

घड्याळेसुद्धा टाकली, असे ते म्हणाले. सगळे शुक्रवारीच कचराडेपोत गेले होते. मी डेपोत गेले. तिथे नुकतेच बुलडोझर फिरवलेले होते.

५. दि. २० मार्च रोजी मी आपल्याला पहिला अर्ज केला. मागणी एवढीच होती की फलक दफनभूमीतून हलवावा. आपले उत्तर दि. २२ मे चे : "सदर ठिकाणी दफनभूमी असल्याची कोणतीही नोंद या कक्षाकडे नाही. पुरावा असल्यास सादर करावा."

मी पुरावा सादर केला. माझ्या घरातल्या सतरा माणसांचे मृत्यूचे दाखले, १९२२ पासूनचे, सरकारी शिक्क्याचे, प्रत्येकावर दफनाच्या रकान्यात "हॅगर क्रीक" असे लिहिलेले. त्यावर आपण कळवलेत की, "हॅगर क्रीक हा जलप्रवाह असून तो दफनभूमी म्हणून ग्राह्य धरता येत नाही."

हे उत्तर मी काकांना वाचून दाखवले. काका जाळे विणत होते. ते म्हणाले, "म्हणजे आपण सतरा जणांना खाडीत सोडलं म्हणे. बरंय. मासे उगाच नाही एवढे चवदार लागत."

आपण जागेच्या मालकाचे ना-हरकत पत्रही मागितले. जागेच्या एका बाजूस "थॉर्नबरो प्लँटेशन" नावाची नवी, कुंपणाची वसाहत आहे. तिथल्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला विचारले, "इथं कुणाकडे कामाला आहात?" मी सांगितले की माझी पणजी होती, कॅप्टनच्या वंशजांकडे, पण तिने नोकरी मागितली नव्हती. त्याला ते कळले नाही. कंपनीने लेखी कळवले की सदर पट्टा रस्त्याचा आहे. रस्ते विभागाने कळवले की पट्टा रस्त्याचा असला तरी फलक आपल्या कक्षाचा आहे. आपल्या कक्षाने कळवले की फलक आपला असला तरी पट्ट्याबाबत कंपनीशी संपर्क साधावा. मी बसचे मार्ग आखलेले आहेत. गोल फिरून पुन्हा तिथेच येणाऱ्या मार्गावर निदान मुले तरी उतरतात.

६. या काळात आपला कक्ष झोपला होता असे मी म्हणणार नाही. कॅप्टनच्या वंशज श्रीमती अ‍ॅडलेड केज यांनी ११ जुलै रोजी आपल्याला कळवले की फलकावर "थॉर्नबरो" ऐवजी "थॉर्नबोरो" असे पडले आहे. नवा लोखंडी फलक ओतून, रंगवून, २० जुलै रोजी उभा राहिला. नऊ दिवसांत. मेलेल्या माणसाच्या नावातली एक मात्रा सुधारण्यासाठी सरकार किती धावू शकते हे त्या दिवशी आम्ही पाहिले. मी २ ऑगस्टच्या अर्जात विचारले होते की, बांध घालणाऱ्या ज्या गुलामांची अख्खी नावेच फलकावर नाहीत त्यांना किती दिवस लागतील, आणि घोड्याच्या दफनाची नोंद ज्या पुराव्यावर घेतली तो पुरावा मला पाहायला मिळेल काय. घोड्याचा मृत्यूचा दाखला कोणी दिला, हे जाणून घेण्याची मला मनापासून उत्सुकता होती. त्या अर्जाला उत्तर नाही.

७. ऑगस्टच्या मोठ्या भरतीनंतर फलक पश्चिमेकडे कलला. जमिनीखाली जुनी पेटी कुजली की वरची माती बसते. हे दफनभूमीत होते. आपल्या मते तिथे दफनभूमी नसल्यामुळे आपण दुसरे कारण शोधलेत, आणि मला, नजीकची रहिवासी या नात्याने, पत्र पाठवून विचारलेत की परिसरातील तरुणांकडून छेडछाड होत आहे काय. आमच्या परिसरातील सर्वांत तरुण इसम चोपन्न वर्षांचा आहे आणि त्याचा खुबा बदललेला आहे.

मंगळवार दि. २० ऑगस्ट रोजी श्री. लोव्हेट खांब सरळ करायला आले. अधिक खोल बसवा, असा आदेश होता. त्यांनी गिरमिट यंत्र लावले. सव्वाअकराच्या सुमारास ते माझ्या दारात उभे होते. यंत्र तसेच बंद करून, चालत आले होते. हातात पांढरा टॉवेल होता, बाळाला धरतात तसा धरलेला. त्यांनी तो माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर उलगडला. आत शवपेटीची एक गंजलेली कडी होती, हाडाचे बटण होते, आणि हाताच्या बोटाचे असावे असे एक पेर.

ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं, पण मला माहीत नव्हतं."

मी त्यांना बसायला सांगितले. त्यांना बसता येईना. काका आतल्या खोलीतून काठी टेकत आले, त्यांनी टॉवेलाकडे पाहिले, आणि टोपी काढली. मग ते श्री. लोव्हेट यांना म्हणाले, "चल पोरा. जिथून आणलंस तिथं ठेवून येऊ." दोघे गेले. मी मागून गेले. काकांनी खड्ड्याशी गुडघे टेकून ते सगळे स्वतःच्या हाताने आत ठेवले व माती लोटली. उठताना श्री. लोव्हेट यांनी त्यांना काखेत धरून उठवले. तो कोण होता किंवा होती, हे आम्हांला ठाऊक नाही. ते थडगे काकांच्या जन्माच्याही आधीचे आहे.

श्री. लोव्हेट यांनी त्याच दुपारी आपल्या कक्षाला लेखी कळवले की तिथे माणसे पुरलेली आहेत व खांब बसवता येणार नाही. आपला आदेश दुसऱ्या दिवशी आला : "खांब पूर्वेस तीन फूट सरकवावा." श्री. लोव्हेट यांनी राजीनामा दिला. दुसरी टोळी आली आणि खांब पूर्वेस तीन फूट सरकला, सिमेंटमध्ये.

८. पूर्वेस तीन फूट म्हणजे काय, हे मी २३ ऑगस्टच्या अर्जात नकाशा काढून दाखवले होते. ती आंट लुवेनियाच्या शेजारची मोकळी जागा आहे. पंचवीस वर्षे ती मोकळी होती, कारण ती काकांची होती. त्यांनी ती स्वतः पावलांनी मोजून ठेवली होती आणि दर उन्हाळ्यात तिथले गवत उपटत असत. आपल्या कक्षाने एवढी मोठी सरकारी जमीन सोडून नेमकी तीच निवडली. शनिवारी मी काकांना नेले तेव्हा ते फलकासमोर जाऊन उभे राहिले.

"माझ्या जागेवर कॅप्टन येऊन बसला," ते म्हणाले.

मी म्हणाले, "मी अर्ज केलाय, अंकल."

"तू चांगलं लिहितेस, व्हर्मेल. पण ते वाचतात का?"

घरी येताना त्यांनी मला तीनदा विचारले की दुसरीकडे कुठे पुरलेस तर लुवेनियाला कळेल का. मी म्हणाले की दुसरीकडे कुठेही पुरणार नाही. मग ते झोपून गेले, गाडीतच. मी गाडी दारात उभी करून ते उठेपर्यंत बसून राहिले.

९. हेझेकाया सिंगल्टन शुक्रवार दि. २७ सप्टेंबर रोजी दुपारी वारले. जाळ्याची सुई हातात होती. सोमवारी सकाळी कार्यालय उघडताच मी आपल्या कक्षाला फोन केला. आपल्या साहाय्यक बाईंनी सौजन्याने सांगितले की फलक हलविण्याच्या विनंत्यांवर समिती तिमाही बैठकीत विचार करते, व पुढील बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मी म्हणाले की माणूस गेलेला आहे. त्यांनी मला थांबायला सांगितले, कोणालातरी विचारले, आणि परत येऊन म्हणाल्या, "तोपर्यंत दफनविधी पुढे ढकलता येईल का, असं साहेब विचारतायत."

महोदय, साहेब म्हणजे आपण. हे वाक्य मी इथे लिहून ठेवत आहे, कारण ते कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे. मी फोन ठेवला आणि त्यानंतर आपल्या कक्षाला काहीही विचारलेले नाही.

१०. आता आपल्या प्रश्नांची उत्तरे.

फलक कोणी काढला : शनिवार दि. ५ ऑक्टोबर रोजी सकाळी सात वाजता आमच्या प्रार्थनाघरातून त्रेचाळीस माणसे निघाली. फावडी, पहारी, दोर घेऊन. मातीत कसे खणायचे हे आमच्याकडे शिकवावे लागत नाही. त्रेचाळिसांपैकी प्रत्येकाने मला "फलक मी एकट्याने काढला" असे सहीनिशी लिहून दिले असून ती त्रेचाळीस पत्रे सोबत जोडली आहेत. एकटा माणूस खाजणात सात मैल बांध घालू शकतो असे आपला कक्ष मानतो, तेव्हा एकट्या माणसाने एक खांब उपटल्याचे मानण्यास अडचण नसावी. हे त्रेचाळीस वेळा कसे घडले, ते समितीने ठरवावे.

त्यांत श्री. लोव्हेट यांचेही पत्र आहे. ते नोकरीत नसल्यामुळे आपण त्यांना काढू शकत नाही. ते स्वतःचा पाना घेऊन आले. फलक खांबापासून कोणत्या क्रमाने सोडवला म्हणजे त्यावर ओरखडा उठत नाही हे एकट्या त्यांनाच ठाऊक होते. त्यानंतर कोणी न सांगता त्यांनी कोट काढला आणि कबर खणायला खड्ड्यात उतरले. आमच्या पुरुषांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिले. मग एकाने फावडे घेऊन त्यांच्या शेजारी उडी घेतली.

कोणाच्या परवानगीने : हेझेकाया सिंगल्टन यांच्या. जागा त्यांची होती.

का : वर लिहिले आहे. आपल्या सिमेंटखाली माती काळी, मऊ, भाताच्या जमिनीसारखी निघाली. सिमेंटचा गोळा काढायला जेवढा वेळ लागला तेवढाच बाकीची कबर खणायला लागला. साडेअकराला काकांना आत उतरवले. गाणे सुरू झाले तेव्हा माझा आवाज फुटला नाही. एरवी मी मोठ्याने गाते. माझ्यामागे उभ्या असलेल्या बायकांनी माझी ओळसुद्धा गाऊन घेतली आणि मला पाठीला धरून ठेवले. हे आपल्या नोंदीसाठी नाही, पण सगळे खरे लिहावे असे नोटिशीत म्हटले आहे.

त्यानंतर प्रार्थनाघरात तांबडा भात, तळलेले मासे आणि भेंडीचे कालवण झाले. रस्त्याने जाणारी वसाहतीतली दोन माणसे गाडी थांबवून काय चालले आहे म्हणून विचारायला आली. त्यांनाही वाढले.

काकांच्या थडग्यावर त्यांचा चष्मा, चहाचा कप, जाळे विणण्याची सुई आणि नऊ शंख ठेवले आहेत. पुन्हा कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून यादी जोडली आहे. हा कचरा नाही.

फलक कोठे व कोणत्या अवस्थेत : माझ्या ओसरीवर, भिंतीला टेकवून, अंगावर चादर घालून ठेवला आहे. पाऊस लागत नाही. सोमवारी मी तो ओल्या फडक्याने पुसला. आपल्या माणसांनी आमच्या वस्तूंची जी व्यवस्था केली त्यापेक्षा ही व्यवस्था बरी आहे, असे छायाचित्रावरून आपणही म्हणाल.

गुन्हा का दाखल करू नये : जरूर करावा. न्यायालयात मला विचारले जाईल की फलक कोठून उचलला, आणि मी शपथेवर सांगेन. तेच माझ्या अर्जांतून सहा महिने सांगत आहे. तिथे निदान कोणीतरी ते टंकून घेईल.

११. नोटिशीच्या शेवटी आपण असेही सुचविले आहे की अर्जदाराने सहकार्य केल्यास कक्ष "पूरक फलकाचा" विचार करील, त्यावर गुलामांचाही उल्लेख एका ओळीत करता येईल, व त्यासाठी विहित नमुन्यात प्रस्ताव पाठवावा. आपल्या या उदारपणाबद्दल आम्ही प्रार्थनाघरात चर्चा केली. चर्चा फार वेळ चालली नाही. आम्हांला फलक नको. तिथे कोण आहे ते आम्हांला ठाऊक आहे, आणि ज्यांची नावे ठाऊक नाहीत ते तिथे आहेत हे ठाऊक आहे. ज्याला रोज लोखंडावर वाचल्याशिवाय आठवत नाही, त्याला फलक लागतो. श्रीमती केज यांना तो हवा असल्यास त्यांच्या अंगणात पुष्कळ जागा आहे. घोड्याच्या शेजारी लावला तरी आमची हरकत नाही.

१२. शनिवार दि. २६ ऑक्टोबर रोजी वसाहतीत "संस्थापक दिन" असून त्यासाठी फलक अत्यंत निकडीचा आहे, असे डेप्युटी ब्लेक यांनी मला सांगितले. मी कोणाचा समारंभ अडवणार नाही. फलक केव्हाही न्यावा. मी सकाळी सहा ते रात्री नऊ घरी असते. ट्रक आणावा, फलक जड आहे. कॉफी मिळेल.

अट एकच आहे. सरकारी मालमत्ता मी पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही ताब्यात देणार नाही. बसमधून मुलगा उतरवतानासुद्धा मी समोर कोण उभे आहे ते पाहून उतरवत असे. पावतीचा मसुदा मी तयार करून सोबत दोन प्रतींत जोडला आहे. आपल्याला काही लिहावे लागणार नाही. सही मात्र आपली स्वतःची लागेल, साहाय्यकांची चालणार नाही, आणि खाली कक्षाचा शिक्का. एक प्रत माझ्याकडे राहील. ती मी त्याच दिवशी, पुन्हा कोणी "नोंद नाही" म्हणू नये म्हणून, जिल्हा नोंदणी कार्यालयात दाखल करणार आहे, हे आताच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून फसवले असे आपण म्हणू नये.

मसुद्यात एकही शब्द बदलल्यास फलक ओसरीवरच राहील. चादर माझ्याकडे आणखी एक आहे.

आपल्या फलकाची तात्पुरती राखणदार,

(सही)
व्हर्मेल सिंगल्टन
हॅगर खाडी रस्ता
दि. १४ ऑक्टोबर २०१९

सोबत :
मृत्यूचे दाखले, सतरा (तिसऱ्यांदा), आणि अठरावा हेझेकाया सिंगल्टन यांचा.
"मी एकट्याने काढला" अशी पत्रे, त्रेचाळीस.
थडग्यावरील वस्तूंची यादी.
ओसरीवरील फलकाचे छायाचित्र.
पावतीचा मसुदा, दोन प्रती, पुढीलप्रमाणे :

"मी, खाली सही करणार, ऐतिहासिक फलक अधिकारी, सेंट जूड जिल्हा, लिहून देतो की, हॅगर खाडी दफनभूमीतून, जिथे आता हेझेकाया सिंगल्टन हे त्यांच्या पत्नी लुवेनिया यांच्या शेजारी पुरलेले आहेत त्या जागेवरून, काढण्यात आलेला या कक्षाचा फलक क्र. ८-२७ मला सुस्थितीत परत मिळाला. सही : ............ शिक्का : ............"